कापलेला प्रसंग

माघ लागला की दोन गोष्टी जवळजवळ एकदमच सुरू होतात. वलगावच्या पुढल्या बागांमध्ये संत्र्याला आंबिया बहार फुटतो, आणि माझ्या फोनवर सिनेमांची नावं येऊन आदळायला लागतात. कोणाला नामांकन, कोणाला डावललं, कोणती नटी यंदा नक्की घेऊन जाणार. तिकडचं ते सोन्याच्या पुतळ्याचं बक्षीस, आपली सरकारी बक्षिसं, वाहिन्यांची बक्षिसं. सगळ्यांचा हंगाम थोड्याफार फरकाने एकच. बाहेर तूर निघालेली असते, हरभऱ्याचे घाटे भरत आलेले असतात, वेचून झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या शेतात नुसत्या उभ्या असतात. सकाळी स्वेटर लागतं आणि दुपारी पंखा.

पूर्वी मला हे दिवस फार आवडायचे. आता माहेरी जाताना गाडीच्या काचेतून बहाराचा तो गोडसर, किंचित कडवट वास आत आला की हात आधी काच वर करायला जातो. का, ते मागाहून आठवतं.

विमल आणि मी वलगावच्या शाळेत एका बाकावर होतो. आमचं घर माळ्याचं. पहाटे शेवंती-झेंडूच्या टोपल्या अमरावतीच्या बाजारात जायच्या आणि माझ्या दप्तराला कायम फुलांचा वास असायचा. विमल पुढल्या गावाहून पायी यायची. विहाराच्या भिंतीला लागून तिचं घर. वडील ती लहान असतानाच काविळीने गेले. घरात माय, विमल आणि धाकटी बहीण. विमल पुढे अमरावतीला होस्टेलवर राहून नर्स झाली. आता अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात आहे. मी अमरावतीतच, राजापेठेत राहते, कॉलेजात मराठी शिकवते.

आम्हा दोघींना सिनेमाचं वेड शाळेपासूनचं. गावच्या यात्रेत तंबूत पाहिलेल्या पिक्चरवरून आम्ही शाळेत पोचेपर्यंत भांडायचो. वय वाढलं, तंबू गेले, भांडण राहिलं. बक्षिसांच्या मोसमात आम्ही जमतील तेवढे सिनेमे पाहायचो, ती अकोल्यात, मी इथे, आणि रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. नमस्कार नाही, कशी आहेस नाही.

"पाह्यला का?"

"पाह्यला. शेवट काय केला व त्यानं!"

"शेवट जाऊ दे. थो बुढा मरताना किती बोलते! मरताना मानूस एवढं बोलत असते का? पानी मागते, नाई त नुसता पाह्यते."

मरणाच्या बाबतीत विमल कोणाचं ऐकायची नाही. वॉर्डात पाहिलेली मरणं आणि पडद्यावरची मरणं ती ताडून बघायची आणि पडद्यावरची बहुतेक नापास करायची. मला वेड शेवटाचं. वर्गात कथा शिकवतानाही मी शेवटाच्या ओळीपाशी पोचले की आवाज खाली आणते, पोरी लिहायच्या थांबतात. विमल म्हणायची, "तू मास्तरीन हायेस, तुले शेवट लागते. मले मधातलं लागते." बक्षीस कोणाला मिळेल यावर आमची पैज असायची. हरणारीने गिला वडा खाऊ घालायचा. विमल बहुतेक हरायची, आणि ताटलीतल्या दह्यातला वडा मोडत म्हणायची की बक्षीस देणारेच येडे आहेत.

अशी कित्येक वर्षं गेली. मग दोन वर्षांमागे त्या यादीत विमलच्या गावचा पिक्चर आला.

पुण्याकडचा एक तरुण दिग्दर्शक तिच्या गावात येऊन राहिला होता. विमलच्या मायच्या, अनसूयाबाईंच्या ओसरीवरच त्याचा मुक्काम असायचा. मी त्यांना मावशी म्हणते. मावशी त्याला भाकर आणि मिरचीचा ठेचा वाढायच्या, तो डोळ्यांत पाणी आणून जेवायचा आणि पुन्हा मागायचा. दुपारी त्या निवडत-टिपत बसल्या की तो समोर बसून ऐकायचा. एक दिवस म्हणाला, "काकू, तुमची गोष्ट घेऊ का सिनेमात?" मावशी म्हणाल्या, "घे ना बापा. माहं काय जाते?"

शूटिंगला अख्खं गाव गोळा झालं. मावशींच्याच घरात, त्यांच्याच चुलीपुढे एक नटी त्यांचं तरुणपण करत होती. नवरा गेलेली, दोन लहान पोरी पदरात असलेली बाई. मावशींनी तिला लुगडं कसं खोचायचं ते दाखवलं. विमल अकोल्याहून फोनवर हसत सांगायची, "माय आता हिरोईनले शिकवून राह्यली."

पिक्चर लागला तेव्हा विमल सुट्टी काढून आली. मी मावशींना गावाहून घेऊन आले. निळ्या काठाचं ठेवणीतलं पातळ, केसांना तेल. आम्ही त्यांना दोघींच्या मध्ये बसवलं. पहिला अर्धा तास त्यांचं मोठ्यानेच चालू होतं. "थे पाय, आपला माठ!" "हे बाजूच्या शांताचं कुडाचं घर व!" पुढच्या रांगेतल्या कोणीतरी शू केलं, तेव्हा त्यांनी तोंडावर पदर धरला. पण डोळे हसत होते.

मग त्या गप्प झाल्या. पडद्यावरही सगळं गप्प होत गेलं. नवऱ्याचं आजारपण, सासरच्यांनी फिरवलेली पाठ, पोरींची भूक. फार चांगलं केलं होतं त्या पोराने, कुठेही आरडाओरडा नाही. आणि शेवटी ती बाई तिन्हीसांजेला घरातून निघते. शेतातल्या विहिरीच्या काठावर उभी राहते. कॅमेरा लांबच थांबतो. पाखरं घरी चालली आहेत, कुठेतरी बैलाच्या गळ्यातली घंटा. पाखरांच्या एका थव्यामागे आपली नजर जाते, परत येते, तेव्हा काठ रिकामा असतो. आवाज नाही, काही नाही. तो रिकामा काठ कितीतरी वेळ दिसत राहतो आणि अंधार होतो.

दिवे लागले तरी कोणी उठलं नाही. मागे कोणीतरी नाक ओढत होतं. मी रडत होते. मावशी अंधारात सरकलेल्या चपला पायाने शोधत होत्या.

बाहेर ऊन भक्क होतं. आम्ही गिल्या वड्याच्या नेहमीच्या गाडीवर गेलो. मावशींना बाकड्यावर बसवून त्यांच्या हातात ताटली दिली. माझ्याने राहवलं नाही.

"काय शेवट हाय व विमल! यंदाचं बक्षीस त याचंच."

विमलने माझ्याकडे पाहिलं. "तुले आवडला?"

"म्हंजे? तुले नाई आवडला?"

"माही माय थे तिथं बसली हाय. जित्ती. वडा खाऊन राह्यली. अन् तू म्हनतं शेवट आवडला."

"अवं, पिक्चर हाय थो. त्यातली बाई म्हंजे काय मावशी थोडीच..."

"लुगडं मायचं, चूल मायची, पोरी आमी दोघी. मरन तेवढं त्याचं?" तिचा आवाज चढला. गाडीवाल्याने वर पाहिलं. "जगू दिलं असतं त काय बिघडत होतं? आमची बाई मेल्याबिगर तुमाले रडूच येत नाई का?"

तुमाले. शाळेपासून आम्ही एकमेकींना तू म्हणत आलो, शिव्याही तू म्हणून दिल्या. त्या एका शब्दात माझं घर, माझी आळी, सिनेमागृहात नाक ओढणारे सगळे, आणि मी, एका बाजूला गेलो. ती आणि तिची माय दुसऱ्या. मी खरंच रडले होते, आणि त्या रडण्यात एक प्रकारचं सुखही होतं, चांगलं काही पाहिल्यावर होतं तसं. ते सुख मी आता कुठे ठेवणार होते?

आम्ही घरी आलो. माझ्या घराखाली शिकवणीचे क्लास आहेत. नुकतीच एक बॅच सुटली होती, हॉर्न आणि पोरांचा गलका. मी चहा ठेवला. विमल गॅलरीत उभी राहून फोनवर नंबर शोधत होती.

"कोनाले लावून राह्यली?" मावशींनी विचारलं.

"तुह्या त्या पोराले. विचारतो त्याले, कोनी सांगतलं होतं का माही माय विहिरीत गेली म्हनून."

"ठेव थो फोन."

"काहून ठेवू? तुह्या घरी जेवला, अन् तुलेच मारून बसला."

"थो खोटं नाई बोलला व," मावशी म्हणाल्या. "मी गेल्ती विहिरीवर. म्याच सांगतलं त्याले."

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला आणि तिथेच उभी राहिले.

मावशी पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. त्या सांगत होत्या माझ्या फरशीकडे बघून. "तुहा बाप जाऊन वरीस नव्हतं झालं. तुमी दोघी शांताच्या आंगनात खेळून राह्यल्या होत्या. मी निघाली. कोनाले काई सांगतलं नाई. काठावर जाऊन उभी राह्यली. खाली पाह्यत होती. तवा मांगून आवाज आला, अवं अनसूये! गिरजा होती. पऱ्हाट्याचा भारा बांधून बसली होती, उचलू लागाले कोनी नव्हतं. म्हने, भारा उचलू लाग न व, कवाची वाट पाह्यतो मी. म्या उचलून देल्ला. तं म्हने, दुसरा हाय थो तू घे, तुह्या घरी सरपन नाई. मंग मी भारा डोक्यावर घेतला. घरी आलो आमी."

"मंग?" विमलने विचारलं.

"मंग काय? चूल पेटवली. भाकरी केल्या."

विमलने फोन पर्समध्ये टाकला. तिचा राग कुठे गेला ते मला कळेना. तो राहिला असता तर बरं, असं वाटण्याइतकी ती शांत झाली होती. एवढंच म्हणाली, "त्याले सांगतलं. पुन्याच्या पोराले. अन् मी तिकीट काढून पाह्यलं."

त्या संध्याकाळी तिने मायला गावच्या ऑटोत बसवलं आणि बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी धरली. चहा तसाच राहिला.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही. मी केला तर वाजत राहायचा. नामांकनं आली, त्या पिक्चरचं नाव सगळीकडे होतं. स्टाफरूममध्ये सगळे शेवटाबद्दल बोलत. एक सहकारी म्हणाले, "मॅडम, तो रिकामा काठ! काय सूचक आहे!" मी मान हलवली. मला तो काठ अजूनही तितकाच चांगला वाटत होता. हेच तर अवघड होतं. विमलसाठी म्हणून मला तो नावडायला हवा होता, आणि तो नावडत नव्हता. डोळे मिटले की दोन काठ दिसायचे. एक रिकामा. दुसऱ्यावर दोन बाया, एक वाकलेली, दुसरी तिच्या डोक्यावर भारा ठेवणारी, दोघींच्या मानेला पऱ्हाट्या टोचताहेत.

बक्षीस मिळालं. गावात फ्लेक्स लागला, त्यावर एका कोपऱ्यात मावशींचा फोटो. शाळेतली पोरं विचारायची, "आजी, तुमी त मेल्या ना पिक्चरमंदी?" मावशी म्हणायच्या, "मेली होती. करमलं नाई, वापस आली." हे त्यांनीच मला फोनवर सांगितलं, हसत. पण मग म्हणाल्या की हल्ली विहिरीकडच्या वाटेने जावंसं वाटत नाही. इतकी वर्षं त्याच विहिरीचं पाणी शेंदलं, कधी काही वाटलं नाही. आता तिचा काठ त्या पिक्चरमधल्यासारखा रिकामा दिसतो.

त्या पोराने त्यांना मुंबईच्या समारंभाला बोलावलं होतं. जाण्यायेण्याची सगळी सोय करतो म्हणाला. मावशींनी सांगितलं, "गिरजा येईन त मी येईन." त्याला गिरजा कोण ते पटकन लक्षात येईना, म्हणून मावशींनी त्याला माझा नंबर दिला. मी भारा म्हटल्याबरोबर तो म्हणाला, "हो हो! तो प्रसंग आम्ही शूट केला होता, मॅडम. सुंदर झाला होता. पण एडिटिंगला बसलो तेव्हा शेवट सैल पडत होता. कापावा लागला." मग जरा थांबून म्हणाला, "मलाही वाईट वाटलं."

तो खोटं बोलत नव्हता. चांगला मुलगा आहे तो. शेवट सैल पडतो म्हणजे काय, ते मला कळतं. मी वर्गात तेच शिकवते. बाई काठावर उभी आहे आणि मागून हाक येते, भारा उचलू लाग. प्रेक्षक हसतील कदाचित. आवळत आणलेली मूठ सुटेल. बाई घरी जाईल, भाकरी करील, आणि परीक्षक म्हणतील, पुढे काय? पुढे तर विमल आहे. तिची बहीण आहे. होस्टेल, नर्सिंग, अकोला, रविवारचे फोन. ते सगळं कोणत्या पिक्चरमध्ये मावणार? हे मी त्याला म्हणू शकले असते. म्हटलं नाही. अभिनंदन म्हटलं.

गिरजाबाईंना प्रवास होत नव्हता. मावशी मुंबईला गेल्या नाहीत.

आता यादी आली की मी सिनेमे पाहते, मतंही देते, पण एखादा शेवट फार घट्ट बसला की उगाच अस्वस्थ होते. याने काय कापलं असेल? कोणाची हाक? वर्गातही परवा एका कथेच्या शेवटाशी आवाज खाली आणता आणता मी थांबले. एका मुलीने विचारलं, "मॅडम, पुढे?" मी म्हटलं, तुम्हाला काय वाटतं? हे उत्तर मास्तरीणबाईंचं नेहमीचंच. त्या दिवशी मात्र मला खरंच माहीत नव्हतं.

बक्षीस मिळालं त्याच वर्षी, बहाराची फुलं गळून बारीक हिरवी फळं धरली होती, ऊन चढायला लागलं होतं, तेव्हा विमलचा फोन आला. पाह्यला का, असं ती म्हणाली नाही.

"मायले रिद्धपूरले न्याचं हाय. गिरजाबाई तिथं पोरीजवळ राह्यते. येतं का?"

"येतो न व."

तिने गाडी आणली होती. वाटेत आम्ही दोघी पुढे, मावशी मागे. सिनेमाचा विषय निघाला नाही. दवाखान्यातल्या उकाड्याबद्दल बोललो, माझ्या भावाच्या शेवंतीबद्दल बोललो. जुनी माणसं भांडल्यानंतर बोलतात तसं, जपून.

गिरजाबाई महानुभाव पंथाच्या. लेक मठाजवळच्या गल्लीत राहते. आम्हाला पाहून त्यांनी दोन्ही हात जोडून दंडवत म्हटलं, मग मावशींना ओळखल्यावर हात सोडून सरळ मिठीच मारली. दोन्ही म्हाताऱ्या बाजेवर बसल्या आणि बोलणं गुडघ्यांवर आलं. कोणता जास्त दुखतो, कोणतं तेल लावलं, कोण कोण गेलं. मावशी विहिरीचं नावही काढेनात. लेकीने चहा आणला. शेवटी विमलनेच विचारलं.

"गिरजामाय, तुमाले आठवते का? माहा बाप गेल्यावर, एक डाव विहिरीपाशी तुमी मायले भारा उचलू लागाले हाक मारली होती."

गिरजाबाईंनी भुवया आवळल्या. "कोन्ता भारा?"

"पऱ्हाट्याचा. सांजच्या पारी."

"अवं पोरी, माही कंबर तवाच गेल्ती. मी त दिसन त्याले म्हनो, भारा उचलू लाग. पाटलाच्या सुनेलेबी म्हनलं होतं एक डाव!" त्या बोळक्या तोंडाने हसायला लागल्या. "काहून व, काई झालं होतं का?"

विमल मावशींकडे पाहत होती. मावशी म्हणाल्या, "काई नाई. तुह्या पऱ्हाट्या ओल्या होत्या, धूर लय झाला होता, थेच सांगून राह्यली." आणि मग दोघी हसल्या, एकीला माहीत असलेल्या आणि एकीला नसलेल्या गोष्टीवर, सारख्याच. निघताना गिरजाबाईंनी मावशींच्या ओंजळीत फुटाणे आणि खडीसाखर दिली.

परतीच्या रस्त्यावर दोन्हीकडे उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग, मधूनच एखादा पेटलेला पळस. विमल समोर पाहून गाडी चालवत होती. मग आरशात न बघता म्हणाली,

"माय, मले काहून नाई सांगतलं कवा?"

मला वाटलं, मावशींना डुलकी लागली.

"तुले सांगतलं असतं," त्या म्हणाल्या, "त तू मले एकटी सोडून होस्टेलले गेली असती का?"

विमलने आता आरशात पाहिलं.

"थो पोरगा ऐकून निघून जानार होता. तुले त ऐकून घरीच राहा लागलं असतं."

विमलने गाडीचा वेग कमी केला. रस्त्याच्या कडेला एका बाभळीच्या सावलीत ती थांबवली, इंजिन बंद केलं. दोन्ही हात चाकावर तसेच. मी खिडकीबाहेर पाहत राहिले; कोणी रडत असताना त्याच्याकडे पाहायचं नसतं एवढं तरी मला कळतं.

"काय झालं व?" मावशींनी विचारलं. "पंक्चर झाली का?"

"नाई." विमलने ओढणीने तोंड पुसलं, दार उघडलं आणि उतरली. माझ्या खिडकीशी येऊन म्हणाली, "सरक. तू चालव."

मला गाडी जेमतेम येते. राजापेठेतून भाजीबाजारापर्यंत, तीही घाबरत. हे तिला माहीत होतं. पण तोवर तिने मागचं दार उघडलं होतं, मायला जरा पलीकडे सरकवलं होतं, आणि ती आत बसली होती.